किसन हवालदारांचा आंतरराष्ट्रीय करार

ग्रामसेवकाच्या टेबलाला चार बाजू असतात आणि चारही बाजूंनी माणसं ओणवी असतात. एखाद्याचा दाखला लिहायला घ्यावा, तर तो स्वतः, त्याचा चुलता आणि सहज डोकावलेले दोघं अक्षर न् अक्षर उमटताना बघत उभे राहतात. दुसऱ्याच्या कागदात काय लिहिलंय ते वाचण्याला आमच्या भागात आगाऊपणा म्हणत नाहीत, आपुलकी म्हणतात. नव्वदच्या दशकात मी डिंगोऱ्याच्या बाजूच्या एका गावात नोकरीला होतो. गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथं माझी उठबस आहे. तिथं एक दिवस एक ताठ पाठीचा, करड्या केसांचा माणूस रहिवासी दाखला मागायला आला. मी पेनाचं टोपण काढलं आणि तो टाचेवर गर्रकन वळून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, याला माझा राग आला.

"काही चुकलं का माझं?" मी विचारलं.

"न्हाई भाऊसाहेब. तुमी लिवा, सही करा, घडी घाला. झालं की सांगा," तो दरवाज्याकडे बघत म्हणाला. आणि त्याच नजरेनं त्यानं टेबलावर ओणवलेल्या तिघांना कचेरीबाहेर काढलं.

हे किसन हवालदार. पायदळात वीस वर्षं काढून पेन्शनीत निघालेले. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती आहे, तिथं त्यांचं घर आणि घरामागे दीड एकर रान. रानात कांदा आणि मेथी. पाठ फिरवण्याची त्यांची ही खोड मी पुढे इतक्या ठिकाणी पाहिली की, मला तिचं काही वाटेनासं झालं. पोस्टात एखादी बाई पत्र फोडायला लागली की हवालदार पाठमोरे. दुकानदार गल्ला उघडतोय, हवालदार रस्त्याकडे तोंड करून उभे. त्यांच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले आणि मुलगा-मुलगी दोन शब्द बोलायला परसात गेली, तर हे परसाच्या दारात बाहेर तोंड करून उभे राहिले आणि मुलाच्या आत्याबाईंना त्यांनी अर्धा तास पुढे सरकू दिलं नाही. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायची. गाव हसायचं. हवालदारांना हसण्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, "हसू द्या राव. हसनारा मानूस वाकून बघत न्हाई."

खोडीचं मूळ मला पुढे एकदा चहाच्या टपरीवर कळलं. नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांच्या पलटणीला संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून कंबोडियात पाठवलं होतं. लढाया करून थकलेला देश. तिथं निवडणूक व्हायची होती आणि ती सुखरूप व्हावी म्हणून देशोदेशीचे शिपाई आणलेले. हवालदारांची नेमणूक एका शाळेत, मतपेटीच्या राखणीला. हुकूम एकच होता, आणि तो ते मला शब्दशः म्हणून दाखवत: शिपायाचं तोंड बाहेर, पाठ पेटीकडे.

"मतदान चाललं तवर त्या पडद्याकडं म्या येकदाबी बघितलं न्हाई," ते म्हणाले. "येक म्हातारी आली व्हती. नवं लुगडं नेसल्यावानी नटून आलेली. पडद्यामागं गेली, भायेर आली, आन् माझ्याकडं बघून हासली. कुनाला दिलं आसंल? मला ठावं न्हाई. तिच्यासंगं आलेल्या तिच्या लेकालाबी ठावं न्हाई. म्हनून तर ती हासली."

तिथून येताना त्यांनी बाकीच्यांसारखा ट्रान्झिस्टर किंवा घड्याळ आणलं नाही. एक पातळ इंग्रजी पुस्तिका आणली. निवडणुकीला खरी निवडणूक कधी म्हणावं, याविषयी बऱ्याच देशांनी एकत्र बसून मान्य केलेली कलमं तिच्यात होती. हवालदारांनी शब्दकोश घेऊन एका शंभर पानी वहीत त्यांचं मराठी केलं आणि वहीवर लाल पेनानं लिहिलं: आंतरराष्ट्रीय करार. हा करार आपल्या संसदेनं मंजूर करावा म्हणून दिल्लीला त्यांनी तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग ते माझ्याकडे आले.

"दिल्लीला सवड व्हईल तवा व्हईल," ते म्हणाले. "तवर आपन आपला मंजूर करून घिऊ. इषय ग्रामसभेत घ्या."

मी त्यांना समजावलं, की परराष्ट्र व्यवहार हा विषय ग्रामपंचायतीकडे नाही. आपल्याकडे दिवाबत्ती आणि गटारं आहेत.

"गटारीचाच इषय हाये," हवालदार म्हणाले.

ते काय म्हणत होते हे कळायला आमच्या गावची निवडणूक माहीत हवी. गावात खंडोबाचं देऊळ आहे. निवडणूक लागली की उमेदवार घराघरातल्या कर्त्या पुरुषाला देवळात न्यायचा, तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवायचा आणि "मत तुलाच" असं देवासमोर म्हणवून घ्यायचा. बेलभंडार उचलला की विषय संपला. घरातली सगळी मतं त्या एका तळहातावरून जायची. मतदानाचा दिवस केवळ सरकारच्या समाधानासाठी उरायचा. दोन्ही उमेदवारांचा बेलभंडार उचलणारे एकदोन कलाकार होते. पण पुढे त्यांच्या म्हशीला साधा खोकला झाला तरी गाव देवळाकडे बोट दाखवायचं. बौद्ध वस्ती छप्पन्न सालानंतर या देवाधर्माच्या भानगडीतून सुटली होती. पण तिथंही निवडणुकीआधी विहारात बैठक बसायची, चार वडीलधारे ठरवायचे आणि वस्ती एकगठ्ठा शिक्का मारायची. हवालदारांनी वस्तीतल्याच बैठकीत उठून सांगितलं होतं, "बेल गेला, भंडारा गेला, पन तळहात तिथंच हाये." वस्तीला ते आवडलं नव्हतं.

विषय ग्रामसभेत घेतला. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत निकाल लागेल. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरं खाऊ घेऊन पळाली आणि सभा रिवाजाप्रमाणे गणपूर्तीअभावी तहकूब झाली. अर्ध्या तासानं तीच माणसं त्याच सतरंजीवर बसली आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्यामुळे कायदेशीर झाली. हवालदारांनी वही उघडून कलम एक वाचलं: मत गुप्त, ते कुणी विचारायचं नाही की सांगायचं नाही. आणि ज्या गावात गटारीच्या विषयाला पाच माणसं बसत नाहीत, त्या गावात आंतरराष्ट्रीय करारावर तीन बैठका वाद चालला.

सरपंच होते आबा. बागायतदार, धिप्पाड, आवाज मऊ. आबांचा आवाज जितका मऊ, तितकं समोरच्यानं सावध व्हावं, असा माझा अनुभव.

"हवालदार, गुप्त मतदान सरकारनं दिलंयच की," आबा म्हणाले. "मंग ह्यो ठराव कशापायी?"

"सरकारनं दिलंय, आबा. आपन घेतलं कुठं?"

पहिल्या कलमावर इतकंच बोलणं झालं आणि जो तो सतरंजीकडे बघू लागला. त्यामानाने भोंग्याचं कलम सहज सुटलं. सगळ्या उमेदवारांना प्रचाराची सारखी साधनं मिळावीत, असं करारात होतं. म्हणजे देवळाचा भोंगा सर्वांना सारखा वेळ. ते एकमतानं मंजूर झालं, कारण भोंगा दिवाळीपासून बंद होता. गाडं अडलं ते निरीक्षकांवर. निवडणुकीवर देखरेख करायला निष्पक्ष परकी माणसं बोलवावीत, असं पाचवं कलम होतं. परकी म्हणजे कुठली? कुणीतरी राजुरीचं नाव काढलं. लगेच दुसरा म्हणाला, राजुरीला आपल्या तीन लेकी दिल्यात, ते निष्पक्ष कसे? डिंगोरे तर अर्धं सोयऱ्याचंच. मग ओतूरकडून फिरत फिरत सभा तालुक्याची हद्द ओलांडून आंबेगाव तालुक्यात शिरली आणि महाळुंगे पडवळला येऊन थांबली. महाळुंगे पडवळ माझं गाव. सगळे माझ्याकडे मोठ्या आशेनं पाहू लागले. पण तिथं आबांचे साडू निघाले. दोन तालुक्यांत आमच्याशी सोयरीक नसलेलं एकही गाव सापडलं नाही. कलम पाच पुढील सभेपर्यंत स्थगित, असं मी प्रोसिडिंगला लिहिलं. ते अजून स्थगित आहे.

दुसऱ्या कलमाला मात्र कुणी अपेक्षिलं नव्हतं असं माणूस उठलं. बायका मागे खांबाशी बसल्या होत्या, त्यांतून हवालदारांच्या घरच्या, अनुसयाबाई, पदर सारखा करत उभ्या राहिल्या. वस्तीतल्या बाईनं ग्रामसभेत तोंड उघडल्याचं माझ्या कारकिर्दीत तरी ते पहिलंच उदाहरण.

"बायकूनं शिक्का नवऱ्यानं सांगितला तिथंच मारायचा का?" त्यांनी विचारलं. "ह्याच्याबद्दल त्यांनी कायी लिवलंय का?"

सभा खो खो हसली. आबा मऊ आवाजात म्हणाले, "वैनी, ह्यो घरातला इषय हाये." हवालदार हसले नाहीत. त्यांनी वहीची पानं उलटली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कलम दोन. ज्याचं मत त्यानं आपल्या मनानं द्यायचं. करारात घर वगळलेलं न्हाई."

"मंजी आपल्या घरात बी?"

"आपल्या घरापास्नं सुरू."

"मंग ठीक हाये," असं म्हणून अनुसयाबाई खाली बसल्या.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी हवालदारांचा पुतण्या मिलिंद त्यांच्याशी भांडला. मी तिथंच होतो. मिलिंद नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमालांचा मुकादम होता आणि त्याला माणसांचा हिशेब कळत होता. येत्या निवडणुकीत हवालदार दोन नंबर वॉर्डातून उभे राहणार हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. जागा खुली होती. वस्तीतला माणूस राखीव जागेवर निवडून यायचा, त्याला खुर्ची मिळायची आणि गाव त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचं. खुल्या जागेवर, समोरासमोर लढून वस्तीतला माणूस आलेला गावानं पाहिला नव्हता. हवालदारांना तो गावाला दाखवायचा होता. त्यांच्या आयुष्यातली ही एकच हौस, असं म्हटलं तरी चालेल.

"काका, तुमच्या करारानं आपली मतं सुटत्याल. त्यांची सुटनार न्हाईत," मिलिंद म्हणाला. "आबा उगंच गप हाये का? आपला गठ्ठा तुमी आपल्या हातानं सोडताय."

"सुटला तर सुटू दे. बांधलेलं मत घिऊन म्या निवडून आलो, तर त्यात माझं काय?"

मिलिंदचा अंदाज बरोबर होता. आबांनी तिसऱ्या बैठकीत कराराला जाहीर पाठिंबा दिला. म्हणाले, जग कुठं चाललंय, आपण मागे राहून चालणार नाही. टाळ्या पडल्या. मी ठराव लिहायला घेतला आणि तेवढ्यात देवळाची व्यवस्था बघणारे म्हातारे धोंडिबा उठले. "करार चांगला हाये," ते म्हणाले, "पन उद्या कुनी मोडला तर? हमी काय?"

प्रश्न बिनतोड होता.  मग धोंडिबांनीच वाट काढली. "सगळ्यांनी बेलभंडार उचला. हितनं फुडं मतासाठी बेलभंडार उचलनार न्हाई, म्हनून."

सभेला असं हायसं वाटलं, जसं अवघड पाहुण्यांच्या पंगतीत कुणी ओळखीचा वाढपी दिसावा. कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पाच मिनिटांत ताट आलं, बेल आला, भंडारा आला. हवालदार वही हातात धरून उभे होते. "कलम येक..." असं ते म्हणाले, पण "ह्यो शेवटचा, हवालदार, ह्यो शेवटचा!" असं चहूकडून समजावण्यात आलं. मग सबंध गावानं रांगेनं, मोठ्या श्रद्धेनं, बेलभंडार न उचलण्याचा बेलभंडार उचलला. हवालदार टाचेवर वळून बाहेर तोंड करून उभे राहिले. ताट परत गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. मला वाटलं, माणूस खचला असेल.

"मोठमोठे देश सह्या करत्यात आन् करार मोडत्यात," ते पुटपुटले. "ही निदान देवाला तरी भित्यात. लिवा, भाऊसाहेब. सर्वानुमते."

मी सर्वानुमते लिहिलं. बेलभंडाराचा उल्लेख टाळून "उपस्थितांनी योग्य ती हमी दिली" असं वाक्य घातलं, त्या वाक्याचा मला आजही अभिमान आहे. ठरावाची प्रत रीतीप्रमाणे वर पाठवली. दोन महिन्यांनी वरून विचारणा आली, की सदर आंतरराष्ट्रीय करार कोणत्या योजनेअंतर्गत आहे याचा खुलासा करावा. हवालदारांनी ते पत्र मागून घेतलं आणि वहीत जपून ठेवलं. दिल्लीपेक्षा बरं, म्हणाले, निदान विचारलं तरी.

निवडणूक लागली. समोर आबांचा पुतण्या पोपट, चिन्ह कपबशी. हवालदारांना छत्री मिळाली. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी मी कागद तपासून द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. अनुसयाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्या माझ्याकडे पाहून, पण नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ईस वर्सं सरकारला दिली. आता पाच वर्सं गावाला देनार. आमचा नंबर कवा लागायचा, ते इचारा की तुमच्या करारात."

हवालदार मोठ्यानं हसले. मीही हसलो. बायकांचं बोलणं असतं, तसं ते आम्ही सोडून दिलं.

करार पाळला गेला. याचं आश्चर्य मलाच सर्वांत जास्त वाटलं. ज्या गावानं सरकारच्या कायद्याला कधी जुमानलं नाही, ते गाव त्या एका ताटाला घाबरलं. पोपट नव्या कपड्यांत दारोदार फिरला, लोकांनी चहा दिला, पण देवळात यायला कुणी तयार होईना. वस्तीतही बैठक बसली नाही. हवालदारांनीच बसू दिली नाही. मतदानाच्या दिवशी ते शाळेपासून ठरलेल्या अंतरावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळेकडे पाठ करून उभे होते. माझ्याकडे मंडप आणि पिण्याचं पाणी होतं. दुपारी वस्तीतल्या बायका आल्या, त्यांत अनुसयाबाई होत्या. त्या मत देऊन बाहेर आल्या, माठाशी थांबल्या, पेलाभर पाणी प्यायल्या आणि नवऱ्याच्या पाठीकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग घरी गेल्या.

जुन्नरला मोजणी झाली. हवालदार एका मतानं पडले. मी फेरमोजणी मागायला लावली. पुन्हा एकच.

त्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात सगळी वस्ती जमली. मिलिंद रागानं लाल झाला होता. घरची, दारची, सगळी नावं त्याला तोंडपाठ होती. गावातल्या वरच्या आळीनंही छत्रीला चांगली मतं दिल्याचं त्याच्या कानावर होतं; तरी एक मत कमी पडलं, याचा अर्थ उघड होता: कुणीतरी आपलंच फुटलं. "कोन ते कळल्याबिगर म्या हितनं हालनार न्हाई," तो म्हणाला. "येकेकानं फुडं यायचं आन् आईची शप्पत घिऊन सांगायचं." दोघंतिघं उठलेसुद्धा. अनुसयाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तो तांब्या त्यांनी कुणाला दिला नाही आणि खालीही ठेवला नाही.

हवालदार खाटेवरून उठले. मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"खाली बसा! येकदा हारलोय त्ये सोसवंल मला. तुमी इचारलं तर दुसऱ्यांदा हारंन, आन् ते सोसवायचं न्हाई. ज्यानं दिलं त्यानं आपल्या मनानं दिलं. त्याच्यासाठीच म्या तीन बैठका घसा फोडला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ह्या अंगनात कुनी कुनाला इचारायचं न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई."

आणि ते वळून ओढ्याकडे तोंड करून उभे राहिले. वस्तीला त्यांच्या पाठीकडे बघून आपापल्या घरी जावं लागलं. मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्या दिवशी परत येताना ओढ्यावर बसून रडलो. इतका शहाणा माणूस आणि इतका वेडा माणूस एकाच सदऱ्यात मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ते मत कुणाचं, यावर गावानं पुढची कित्येक वर्षं काढली. मिलिंदवर संशय घेऊन झाला, माझ्यावरही घेऊन झाला. मी त्या गावचा मतदारही नव्हतो. पाच वर्षांनी स्वतः आबा पडले. मी तेव्हा बदली होऊन आंबेगाव तालुक्यात गेलो होतो, पण सुट्टीच्या दिवशी हवालदारांकडे आलेलो असताना आबा तिथं आले आणि ओट्यावर टेकले. आबा त्या ओट्यावर बसल्याचं त्यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं.

"हवालदार, तुमच्या करारानं वाटुळं केलं माझं," आबा म्हणाले. "कोन फुटलं ते कळंना. घरातलं का भायेरचं, त्येबी कळंना. आन् इचारावं म्हनलं तर त्वांड नाय, पयला बेलभंडार म्याच उचलला व्हता."

हवालदारांनी त्यांच्या हातात चहाची कपबशी दिली. "आबा, दोन पडल्याली मानसं येका वट्यावर बसून च्या पित्यात," ते म्हणाले. "तिकडं कंबोडियात ह्याच्यासाठी किती मानसं मेली, तुमाला ठावं न्हाई."  आबांनी चहा दोनदा घेतला.

हवालदार पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. ग्रामसभेला येत, वही घेऊन बसत आणि कलम पाचचं काय झालं ते दर सव्वीस जानेवारीला न चुकता विचारत. बाकीचा वेळ रानात. अनुसयाबाई आणि ते मेथीच्या जुड्या बांधत बांधावर बसलेले असत, हे दृश्य मी जाईन तेव्हा दिसायचं. दोन हजार सालानंतर पाचसहा वर्षांनी त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं आणि त्यात ते गेले. मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा महिना उलटून गेला होता.

भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी हवालदारांचा निळ्या टोपीतला फोटो. त्याखाली फळीवर ती शंभर पानी वही. अनुसयाबाईंनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्याला टेकल्या. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, येक गोष्ट लई वर्सं पोटात हाये. त्या मतदानाची."

मी खाटेच्या कडेला सरकलो.

"त्याच सांजंला सगळी गेल्यावर म्या ह्यास्नी सांगाया लागले. तर ह्ये भिंतीकडं त्वांड करून हुबं. म्हनले, कलम येक. मंग रानात सांगू बघितलं, तर बांधाकडं त्वांड. कितींदा, भाऊसाहेब! आखरीला दवाखान्यातनं घरी आनलं, तवा म्हनलं, आता तरी आयका वो. बोलायची ताकद नव्हती अंगात." त्यांनी पदर तोंडाला लावला. "कुशीवर वळलं, भाऊसाहेब. माझ्याकडं पाठ करून."

"वहिनी, त्यांना माहीत होतं का?" मला राहवलं नाही.

"ठावं आसल्याबिगर कोन इतक्यांदा वळतंय?"

बाहेर कुणाचा तरी पंप चालू होता. त्यांनी डोळे पुसले. "तुमी कागदपत्रातली मानसं. तुमाला सांगून मोकळी हुते. त्या दिशी म्या आत गेले, आन् शिक्का घेतला, आन्..."

दहा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. सगळं गाव पाहत होतं. आबांनी तर त्याच्यासाठी एखादा बैल सहज दिला असता. आणि नेमकं काय झालं ते मला सांगता येत नाही, पण मी खाटेवरून उठलो होतो आणि टाचेवर वळून दाराकडे तोंड करून उभा होतो. समोर त्यांचं रान होतं. मेथी काढणीला आलेली होती.



"आगं बया," अनुसयाबाई म्हणाल्या. "तुमीबी?"

आणि मग त्यांचा आवाज फुटला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी सांगू शकणार नाही. माझी पाठ होती.